वैकुंठभाई मेहता : लहान उद्योगांचे पाठीराखे

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावयाचे असते. यंदा मी ज्यांच्याविषयी लिहीत आहे, ते एके काळी देशभर नावाजलेले गृहस्थ होते; आज मात्र पुष्कळ भगिनींना त्यांचे नाव ठाऊक नसेल. तरी त्यांच्या कार्याच्या खुणा आपल्या अगदी जवळ आहेत. बोरिवलीला शिंपोलीचे कोरा केंद्र आपण येता-जाता पाहतो. विलेपार्ल्याला इर्ला रस्त्यावर खादी व ग्रामोद्योग आयोगाची ग्रामोदय नावाची इमारत आहे. त्या आयोगाचे पहिले अध्यक्ष म्हणजे श्री. वैकुंठभाई मेहता.

मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी आहे. मला अर्थशास्त्र कळत नाही. पण डाळीचा, तेलाचा आणि उधारीचा हिशेब कळतो. त्या हिशेबानेच मी हे चरित्र समजून घेतले आणि तसेच ते येथे सांगत आहे.

वैकुंठभाईंचा जन्म १८९१ साली सौराष्ट्रातील भावनगर येथे झाला. त्यांचे आजोबा सामळदास हे भावनगर संस्थानचे दिवाण होते. वडील सर लल्लुभाई सामळदास हे मुंबईतील मोठे उद्योजक. घरी कशाचीही वाण नव्हती. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेल्या अशा हुशार मुलाने मोठ्या पेढीवर बसावे किंवा बड्या सरकारी नोकरीत जावे, असेच त्या काळच्या लोकांना वाटले असते. परंतु वैकुंठभाईंनी निराळी वाट धरली.

ती वाट समजण्यासाठी त्या वेळची स्थिती थोडी सांगितली पाहिजे. शेतकऱ्याला बियाण्यासाठी, विणकराला सुतासाठी पैसे लागत, आणि ते सावकाराखेरीज कोणी देत नसे. व्याज एवढे की माल विकून आलेला पैसा पुन्हा सावकाराच्याच घरी जाई. म्हणून १९०४ साली सरकारने सहकारी पतपेढ्यांचा कायदा केला. गावातील माणसांनी एकत्र येऊन पतपेढी काढावयाची आणि एकमेकांच्या कर्जास सर्वांनी मिळून जबाबदार राहावयाचे, अशी ती पद्धत होती. एकाने कर्ज बुडविले तर त्याचा भार इतरांवर येई. त्यामुळे कोणाला पैसे द्यावे आणि कोणाला देऊ नये, हे गावकरीच नीट पारखून ठरवीत. ज्याच्यापाशी दागिना नाही, जमीन नाही, त्याच्या सचोटीलाच तारणाची किंमत आली.

पण या लहान लहान पतपेढ्यांना पैसा कोठून मिळावा? त्यासाठी सर विठ्ठलदास ठाकरसी व सर लल्लुभाई यांनी १९११ साली मुंबईत एक मध्यवर्ती सहकारी बँक काढली. शहरात पडून असलेला पैसा खेड्यात पोहोचविणे हे तिचे काम. येथे सरकारने जे केले ते आपण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. सरकारने बँकेला पैसे वाटले नाहीत. बँकेने जे कर्जरोखे काढले त्यांवरील व्याजाची हमी सरकारने घेतली. सरकार पाठीशी आहे एवढ्यानेच लोकांचा विश्वास बसला आणि ते आपले पैसे बँकेत घालू लागले. मुलगी सायकल शिकते तेव्हा बाप मागून नुसता हात धरतो, पायडल तिलाच मारावे लागते, तसे ते होते.

या बँकेच्या कामात तरुण वैकुंठभाई शिरले ते १९४६ पर्यंत, सुमारे पस्तीस वर्षे, तिचा कारभार पाहत राहिले. हीच बँक पुढे मुंबई प्रांतिक सहकारी बँक म्हणून ओळखली गेली आणि आज ती महाराष्ट्र राज्य सहकारी बँक आहे. पस्तीस वर्षे एका माणसाने एकच काम करावे, आणि तेही गरिबाचे कर्ज नीट दिले जाते की नाही, नीट परत येते की नाही हे पाहण्याचे, ही गोष्ट वाटते तेवढी सोपी नाही. यात जयजयकार नाही. रोजचे कागद, रोजच्या नोंदी आणि रोजची माणसे. आपण गृहिणी हे चांगले जाणतो, कारण घरचे कामही असेच असते. केले तर दिसत नाही, राहिले तर सर्वांना दिसते.

महात्मा गांधींच्या विचारांचा वैकुंठभाईंवर फार मोठा परिणाम झाला होता. ते खादी वापरीत व साधेपणाने राहत. १९४६ साली बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्यांनी वैकुंठभाईंना मंत्रिमंडळात घेतले. अर्थखाते आणि सहकाराचे काम त्यांच्याकडे आले, ते १९५२ पर्यंत होते. आजवर बँकेत बसून सरकारकडे मागणारा माणूस आता सरकारी तिजोरीच्या किल्ल्या घेऊन बसला. असे झाले की पुष्कळांची दृष्टी बदलते. त्यांची बदलली नाही.

त्याच काळात नगर जिल्ह्यात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारला. अर्थशास्त्राचे पंडित धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी होते, आणि मंत्री या नात्याने वैकुंठभाईंचाही पाठिंबा होता. शेतकऱ्यांनी आधी आपापले भाग घेतले, मग सरकारनेही भागभांडवल घातले. लोकांनी आधी आपला पैसा आणि आपली मान पुढे करावयाची, मग सरकारने हात द्यावयाचा, हा क्रम येथेही दिसतो.

१९५३ साली भारत सरकारने अखिल भारतीय खादी व ग्रामोद्योग मंडळ स्थापन केले व वैकुंठभाईंना त्याचे अध्यक्ष नेमले. पुढे १९५६ साली कायदा झाला आणि १९५७ च्या एप्रिलपासून आयोग सुरू झाला. त्याचेही पहिले अध्यक्ष तेच झाले. सूत कातणारे, हातसडीचा तांदूळ करणारे, तेलाचे घाणे चालविणारे, गूळ, हातकागद, साबण, मातीची भांडी, चामड्याच्या वस्तू करणारे, मधमाश्या पाळणारे, अशा सर्वांना पैसा, शिक्षण, हत्यारे आणि बाजार मिळवून देणे हे आयोगाचे काम होते.

यासाठी लागणारा पैसा कसा उभा केला, तेही ऐकण्यासारखे आहे. १९५३ साली कायदा करून गिरणीच्या कापडावर वारामागे तीन पै जादा कर बसविला आणि तो पैसा खादीस व हातमागास द्यावयाचे ठरले. म्हणजे परळ-लालबागच्या गिरणीत निघालेले कापड कोणी विकत घेतले, की त्यातला अगदी लहानसा वाटा दूर खेड्यातील चरखा चालविणाऱ्या बाईसाठी जाई. बारा पैंचा एक आणा होत असे, तेव्हा वारामागे पाव आण्याचा हा भार घेणाऱ्याला फारसा जाणवतही नसेल.

आता खरे तेही सांगितले पाहिजे. या धोरणावर पुष्कळ टीका झाली. यंत्राच्या युगात जुने उद्योग किती दिवस जगवावयाचे, असे विचारणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. त्यांचे अगदीच चुकले असे मला म्हणता येत नाही. हातसडीचा तांदूळ भातगिरण्यांपुढे टिकला नाही. गावोगावचे घाणेही तेलाच्या गिरण्यांनी बंद पाडले. सवलत चालू होती तोवर जगले आणि सवलत कमी होताच खचले, असे उद्योग पुष्कळ निघाले. नुसत्या मदतीने धंदा उभा राहत नाही, हा धडा त्यातून मिळतो.

परंतु दुसरी बाजूही आहे, आणि ती तर आपणा बायकांचीच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटावयास सुरुवात केली. तीच लिज्जत पापडाची संस्था. श्रीमती जसवंतीबेन पोपट त्या सातजणींपैकी एक होत्या. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. सात वर्षे या भगिनींनी आपल्या बळावर काम वाढविले. १९६६ साली खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्यांचा उद्योग ग्रामोद्योग म्हणून मान्य केला आणि ८ लाख रुपये खेळते भांडवल दिले. वैकुंठभाई तेव्हा हयात नव्हते. १९६४ साली त्यांचे निधन झाले होते. पण त्यांनी घडविलेले दार उघडे होते, आणि त्या दारातून या भगिनी आत गेल्या. तेथे काम करणारी प्रत्येक भगिनी संस्थेची मालकीण असते. म्हणूनच मला वाटते की ती मदत फुकट गेली नाही.

भगिनींनो, हे चरित्र मी यंदा का निवडले ते आता सांगते. गेल्या वर्षी आपल्या सभेत गृहोद्योगाचा विषय निघाला तेव्हा दोन मते पडली होती. काहीजणी म्हणाल्या की सरकारकडे पैसे मागणे म्हणजे हात पसरणे. काहीजणी म्हणाल्या की सरकारने बायकांना पैसे द्यावेत, परतफेडीचे मग पाहता येईल. वैकुंठभाईंचे आयुष्य पाहिले की ही दोन्ही मते मला अपुरी वाटतात. कर्ज ही भीक नव्हे, कारण ते परत करावयाचे असते. आणि ते परत करावयाचे असते म्हणूनच घेणारीची मान ताठ राहते.

आपली अडचण काय आहे? चैत्रात उडीद डाळ आणि मिरची भरून ठेवावी लागते आणि पापड-मसाल्याचे पैसे पुढे हळूहळू सुटतात. मधले चार महिने हात अडकतो. आपल्यापैकी एक भगिनी एके ठिकाणी वीस हजारांचे कर्ज मागावयास गेली, तर तिला पगाराची चिठ्ठी असलेले दोन जामीन आणावयास सांगितले. तिच्या यजमानांची वडापावची गाडी. नात्यागोत्यात कोणालाच पगाराची चिठ्ठी नाही. ती तशीच परत आली आणि शेवटी तिने पाटल्या गहाण ठेवल्या.

आयोगामार्फत २००८ पासून पंतप्रधानांच्या नावाची रोजगार योजना सुरू झाली. २०२२ साली सुधारलेल्या नियमांत शहरातील स्त्रियांना प्रकल्पाच्या २५ टक्के अनुदान आणि स्वतःचा वाटा ५ टक्के, असे ठरले होते. बाकीचे बँकेचे कर्ज. अनुदान हाती येत नसे, ते तीन वर्षे बँकेतच बांधून राही. वस्तू तयार करण्याचा उद्योग १० लाखांहून मोठा असेल तर अर्जदार निदान आठवी पास हवी, अशीही अट होती. म्हणजे माझ्यासारख्या सातवीवालीला लहान उद्योगाचे दार उघडे आणि मोठ्याचे बंद! शाळेतले एक वर्ष एवढे महाग पडेल असे तेव्हा कोणाला वाटले होते? आपल्या मुलींचे शिक्षण मध्येच थांबवू नये, याला हे आणखी एक कारण.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. यंदाच्या सभेत आपण गृहोद्योग करणाऱ्या भगिनींचा एक गट करावा. दर महिन्याला ठरावीक रक्कम जमवावी, डाळ व मिरची एकत्र घ्यावी, आणि एकीने घेतलेल्या पैशाला सगळ्याजणी जबाबदार राहाव्यात. हिशेबाची वही दर महिन्याला सर्वांपुढे वाचावी. दोन वर्षे ही वही स्वच्छ राहिली, तर ती घेऊन आपण बँकेत आणि ग्रामोदयच्या पायऱ्यांवरही उजळ माथ्याने जाऊ शकू.

पुण्यास सहकाराचे शिक्षण देणारी एक राष्ट्रीय संस्था आहे. तिला वैकुंठभाईंचे नाव दिलेले आहे. तेथे जाऊन शिकणे आपणा सर्वांना जमणार नाही. पण एक वही, एक पेटी आणि एकमेकींवर विश्वास, एवढे तर आपल्या मंडळाच्या खोलीतही मावेल. ज्या भगिनींना या गटात यावयाचे असेल त्यांनी सभेपूर्वी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. माझे नाव मी दिले आहे.