दिव्यानंतरची वर्षे

शब्बाथ शाळेत फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची गोष्ट आम्ही कितीदा तरी सांगितली आहे. हातात दिवा घेऊन स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात रात्री फिरणाऱ्या बाई. गोष्ट तेथेच संपवावयाची आणि मुलांकडून चित्र रंगवून घ्यावयाचे. पण क्रिमियाच्या युद्धाहून बाई परतल्या त्या ३६ व्या वर्षी, आणि वारल्या ९० व्या वर्षी. मधल्या ५४ वर्षांविषयी आम्ही मुलांना काहीच सांगितले नव्हते.

बाईंचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीत, एका श्रीमंत इंग्रज घराण्यात झाला. देवाने आपणांस सेवेसाठी पाचारण केले आहे, अशी १८३७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांची खात्री झाली. घरच्यांचा विरोध सोसून १८५१ साली त्या जर्मनीत कैसरवर्थ येथे पाळक फ्लीडनर यांच्या डीकनेस भगिनींकडे तीन महिने शिकल्या. १८५४ साली स्कुटारीस गेल्या. पुढचे सर्वांस ठाऊक आहे.

मे १८५५ मध्ये बालाक्लावा येथे त्यांना कडक ताप आला. त्या जगतात की नाही अशी स्थिती होती. जनावरांच्या कच्च्या दुधातून पसरणाऱ्या ब्रुसेला जंतूचा तो ताप असावा, असे १९९५ साली एका संशोधकाने मांडले. ताप उतरला, पण गेलेली शक्ती परतली नाही. १८५७ साली त्या कोसळल्या, आणि १८६१ च्या अखेरीस दुखणे इतके वाढले की पुढे सुमारे सहा वर्षे त्यांना उचलून न्यावे लागे. कित्येक चरित्रकारांनी हा सारा मनाचा खेळ ठरविला!

तापानंतर, विशेषतः विषाणूंच्या आजारानंतर, काहींची अशी अवस्था होते हे आज डॉक्टर मानतात. करोनाच्या साथीनंतर अशी माणसे आपल्यातही आहेत. थोडे श्रम झाले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणे उलटते, आणि विश्रांतीनेही लवकर निवळत नाही. व्यायाम हळूहळू वाढवीत न्यावा, हा जुना सल्ला इंग्लंडच्या आरोग्य मार्गदर्शिकेने २०२१ साली काढून टाकला. आमच्या मंडळीतील एका भगिनीस आम्ही हाच सल्ला मोठ्या अधिकाराने दिला होता. आमचा मान राखून ती बिचारी फिरावयास गेली आणि चार दिवस अंथरुणास खिळली.

बाईंनी मात्र आपली शक्ती मोजून खर्चिली. भेटावयास एका वेळी एकच माणूस, तोही आधी ठरवून. बाकी सारे चिठ्ठ्यांवर. अंथरुणातूनच त्यांनी हिंदुस्थानातील छावण्यांचे पाणी, गटारे व मृत्युसंख्या यांची माहिती मागवून तपासली. तो अहवाल १८६३ साली निघाला. हिंदुस्थान त्यांनी कधी पाहिला नाही.

एक गोष्ट सांगावयास जड जाते. त्यांचे सहकारी, युद्धमंत्री सिडनी हर्बर्ट, १८६१ साली मूत्रपिंडाच्या विकाराने खचले होते. बाईंनी ते मनावर घेतले नाही. काम सोडू नये म्हणून त्यांना टोचीत राहिल्या. ऑगस्टमध्ये हर्बर्ट वारले. बाईंनी फार शोक केला.

साठीनंतर बाईंचे दुखणे बरेच ओसरले. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्या प्रभूकडे गेल्या. १९९२ पासून त्यांचा जन्मदिवस, १२ मे, अशा आजाऱ्यांसाठी पाळला जातो. यंदा त्या दिवशी आम्ही त्या भगिनीकडे गेलो, वेळ तिलाच विचारून.