जॉर्ज ॲशली कॅम्पबेल
जॉर्ज ॲशली कॅम्पबेल (२७ नोव्हेंबर १८७० – १० नोव्हेंबर १९५४) हे विद्युत फिल्टरच्या जनकांपैकी एक असलेले अमेरिकन अभियंते होते. १८९७ मध्ये ते बेल टेलिफोन कंपनीत रुजू झाले. लांब तारांवर ठरावीक अंतराने वेटोळी जोडून आवाज क्षीण होऊ न देण्याचा उपाय त्यांनी १८९९ मध्ये शोधला. मात्र एकस्वाच्या वादात निकाल मायकेल प्युपिन यांच्या बाजूने लागला. अशी तार विशिष्ट मर्यादेपलीकडच्या वारंवारता अडवते, हे कॅम्पबेल यांनी १९०३ च्या शोधनिबंधात गणिताने मांडले. तारेची हीच उणीव पुढे उपयोगी ठरली. वेटोळी व धारित्रे यांच्या साखळीतून हवा तो वारंवारता-पट्टा पार होऊ देणाऱ्या फिल्टरचे एकस्व त्यांना १९१७ मध्ये मिळाले. नेटवर्क ॲनालायझरवर पट्टापार किंवा पट्टारोधक फिल्टर तपासताना आज शोधली जाते ती हीच मर्यादा.