गुरुजनांस पंक्तीस बसविणारे संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी देवळाबरोबर शाळेचेही स्मरण व्हावे, म्हणून आम्ही शिक्षकांचे आश्रयदाते संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल यांचे अल्प चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. गरीब मुलांसाठी त्यांनी काढलेल्या शाळा सर्वश्रुत आहेत. परंतु तत्पूर्वी त्यांना स्वतःचा कुलाभिमान जिंकावा लागला, हे फारसे कोणी सांगत नाही.

फ्रान्समधील रीम्स नगरात ३० एप्रिल १६५१ रोजी एका धनाढ्य घराण्यात त्यांचा जन्म झाला. सोळावे वर्ष चालू असतानाच त्यांना तेथील कॅथीड्रलात कॅनन हे मानाचे व उत्पन्नाचे पद लाभले. १६७८ साली ते धर्मगुरू झाले. पुढील वर्षी आद्रियां नियेल नामक गृहस्थ गरीब मुलांसाठी मोफत शाळा काढण्यास रीम्सला आले, आणि द ला साल यांनी त्यांस साह्य केले. मात्र ते साह्य दुरूनच होते. त्या काळी अशा शाळांतील मास्तर म्हणजे अल्पशिक्षित, दरिद्री माणसे. आपण त्यांना घरच्या चाकराहूनही हलके लेखीत होतो, अशी कबुली या संताने पुढे स्वतःच दिली आहे.

तरीही १६८० साली त्यांनी त्या मास्तरांस आपल्या पंक्तीस बसविले व १६८१ साली घरात राहावयास आणले. आप्तेष्ट संतापले. तेव्हा १६८२ साली वाडवडिलांचे घर सोडून ते मास्तरांसह भाड्याच्या घरात गेले. ते त्यांना देवावर भरवसा ठेवावयास सांगत. त्यावर मास्तरांनी रोखठोक ऐकविले की, ज्याच्यापाशी पद व संपत्ती आहे त्याला असा उपदेश करणे सोपे असते. हा बोल त्यांना खरा वाटला. १६८३ साली त्यांनी कॅननपद सोडले व ते भावास न देता एका गरीब धर्मगुरूस दिले. त्यानंतरच्या दुष्काळात आपली संपत्ती त्यांनी भुकेल्यांस भाकरी देण्यात खर्चिली.

त्या काळी वाचनाचा आरंभ लॅटिनपासून होई. गरिबाचे मूल लवकरच कामास जुंपले जाई व दोन्ही भाषांस मुके. द ला साल यांनी प्रथम मायबोली फ्रेंच शिकविली व एकेका मुलाऐवजी सबंध वर्गास एकत्र शिकविण्याची पद्धत रूढ केली. त्यांच्या संघातील शिक्षक ‘ब्रदर’ म्हणविले गेले; त्यांनी धर्मगुरू होऊ नये व लॅटिन शिकवू नये, असा नियम होता. पॅरिसमध्ये फी घेऊन लेखन शिकविणाऱ्या मास्तरांनी त्यांच्यावर फिर्यादी केल्या, आणि १७०४ साली निकालही त्यांच्याविरुद्ध गेला. तरी कार्य थांबले नाही. ७ एप्रिल १७१९ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, रूआँ येथे त्यांनी देह ठेवला. १९०० साली पोप तेरावे लिओ यांनी त्यांना संतपद दिले, व १९५० साली पोप बारावे पायस यांनी शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले.

वाचकहो, दान दुरूनही देता येते. पंक्तीस बसवावयाचे तर जवळ यावे लागते. ज्युबिलीच्या भोजनात आमच्यासारख्या धर्मगुरूंस अग्रस्थान मिळेलच. परंतु आमच्या मुलांस क्रुसाची खूण व अक्षरओळख शिकविणारे कोठे बसतील, याचा विचार आधी आम्ही करावा व मग आपणही करावा, एवढीच नम्र विनंती.