नापासांचा डॉन

‘डॉन’ म्हटलं की आपल्याला पिक्चरच आठवतो. पण इटलीत धर्मगुरूच्या नावाआधी मानाने ‘डॉन’ लावतात. माझ्या कॉन्व्हेंटच्या जिन्यात अशाच एका डॉनचा फोटो होता. दहा वर्षं त्याच्यासमोरून गेले, पण हा कोण, असं कधी विचारलं नाही. मग माझा मावसभाऊ नववीत दुसऱ्यांदा नापास झाला. शाळेने दाखला हातात दिला. कुणीतरी मावशीला डॉन बॉस्कोंच्या नावाने चालणारा वेल्डिंगचा कोर्स सुचवला आणि मला तो फोटो आठवला.

जॉन बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ चा, तुरीन शहराजवळच्या एका खेड्यातला. दोन वर्षांचे असताना वडील गेले. सावत्र भावाला त्यांचं शिकणं खटकायचं, म्हणून बाराव्या वर्षी ते दुसऱ्यांच्या शेतावर गडी म्हणून राहिले. शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा वर्गातली बाकीची मुलं त्यांच्यापेक्षा खूपच लहान होती. विचार करा, सोळाव्या वर्षी बारक्या पोरांबरोबर बाकावर बसायचं! पण ते बसले. शिकता शिकता शिवणकाम, सुतारकाम, लोहारकामही शिकले.

१८४१ मध्ये ते धर्मगुरू झाले आणि तुरीनला आले. तेव्हा खेड्यांतली मुलं कामासाठी शहरात येत. कुणी गवंड्याच्या हाताखाली राबायचं, कुणी धुराडी साफ करायचं. काही जण चोरी करून तुरुंगात जायचे. बॉस्को तुरुंगात जाऊन त्यांना भेटत. बाहेर पडल्यावर यांना विचारणारं कुणी असतं, तर ही आत आली असती का, हा प्रश्न त्यांना सोडेना.

१८४६ मध्ये वाल्डोक्को भागात एक शेड मिळाली. तिथे मुलं जमू लागली, रात्रीचे वर्ग चालू लागले. पिडमाँटमध्ये मेट्रिक पद्धत येणार होती, तर १८४९ मध्ये बॉस्कोंनी त्यावर सोपं पुस्तकच लिहिलं. (आपल्या युनिट्सच्या चुका त्यांनी पाहायला हव्या होत्या!)

मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांचे करार. मुलाला कारागिराकडे ठेवताना ते चक्क स्टॅम्पपेपरवर लिहून घेत. मालकाने धंदा नीट शिकवायचा, इतर कामांना जुंपायचं नाही, मारायचं नाही, सुट्टी द्यायची. तरी बाहेरच्या कारखान्यांतलं वातावरण वाईटच होतं. म्हणून १८५३ मध्ये त्यांनी स्वतःच चांभारकाम आणि शिवणकामाची वर्कशॉप्स काढली. पुढच्या दहा वर्षांत बुकबाइंडिंग, सुतारकाम, छपाई, लोहारकामही आलं.

१८५९ मध्ये त्यांनी सेलेशियन संस्था स्थापन केली. ३१ जानेवारी १८८८ ला ते वारले. १९०६ मध्ये त्यांची माणसं तंजावरला पोचली, आणि आज मुंबईत कुर्ल्यालाही त्यांचं तांत्रिक शिक्षण चालतं.

माझा मावसभाऊ आता फॅब्रिकेशनच्या कारखान्यात वेल्डर आहे. एफ.ई.ला माझा फिटिंगचा जॉब तीनदा रिजेक्ट झाला, तेव्हा कानस कशी धरायची हे त्यानेच शिकवलं. आपला विषय राहिला तर आपल्याला केटी असते. त्याच्या शाळेत ती सोय नव्हती, आणि आम्ही घरचेही त्याला ‘ढ’च म्हणायचो. त्यात मीही होते. हे त्याला अजून सांगितलेलं नाही. अंक छापून आला की त्याला वाचायला देणार आहे.