नौकेचा कर्णधार

शर्यतीच्या नौकेत आठ वल्हेकरी एकामागे एक बसलेले असतात. नौका ज्या दिशेने धावते, तिकडे त्यांची पाठ असते. त्यामुळे पुढची वाट त्यांना दिसत नाही. ती दिसते केवळ नवव्याला. तो वल्हे मारीत नाही. आठांकडे तोंड करून तो नौकेच्या मागील टोकाशी बसतो, दोऱ्यांनी सुकाणू वळवितो आणि वल्ह्यांचा ताल सांभाळतो. तोच नौकेचा कर्णधार. आज आपण कोणत्याही संघाच्या प्रमुखास कर्णधार म्हणतो. परंतु सुकाणू धरणारा हाच त्या शब्दाचा मूळ अर्थ होय.

गिलख्रिस्ट मॅक्लॅगन हे असेच एक कर्णधार होते. त्यांचा जन्म १८७९ साली लंडन येथे झाला. ईटन येथील शाळेत शिकून ते ऑक्सफर्ड विद्यापीठात गेले. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांमध्ये टेम्स नदीवर दरवर्षी नौकांची शर्यत होते. तेथे नदीला मोठमोठी वळणे आहेत. प्रवाहाचा जोर कोठे अधिक आहे हे ओळखून नौका नेमकी तेथे ठेवणे, यातच कर्णधाराचे कौशल्य असते.

१८९९ ते १९०२ अशी चार वर्षे ऑक्सफर्डचे सुकाणू मॅक्लॅगन यांच्या हाती होते. पहिल्या वर्षी पराभव झाला. दुसऱ्या वर्षी तर प्रतिपक्ष वीस नौकांच्या लांबीएवढा पुढे गेला! तरीही त्यांनी धीर सोडला नाही. १९०१ साली त्यांच्या नौकेने अर्ध्या लांबीहूनही कमी अंतराने विजय मिळविला. पुढील वर्षी पुन्हा हार झाली. चारांपैकी एकच शर्यत त्यांनी जिंकली. पण त्यांच्यावरील विश्वास ढळला नाही. लिअँडर या विख्यात मंडळाने आपल्या नौकेचे सुकाणू त्यांच्याकडे सोपविले.

१९०८ साली लंडनला ऑलिंपिक सामने भरले. नौकांच्या शर्यती हेन्ली येथे झाल्या. १९०६ व १९०७ या दोन्ही वर्षी बेल्जियमच्या वल्हेकऱ्यांनी याच हेन्लीत मानाचा चषक जिंकून इंग्रजांना चकित केले होते. अंतिम शर्यतीत लिअँडरची गाठ बेल्जियमशीच पडली. मॅक्लॅगन यांच्या नौकेतील एक वल्हेकरी तर एकेचाळीस वर्षांचा होता. तथापि आठही वल्ही एका तालात पडत राहिली आणि लिअँडरने दोन लांबींनी सुवर्णपदक जिंकले.

पुढे पहिले महायुद्ध पेटले. मॅक्लॅगन सैन्यात अधिकारी झाले. २५ एप्रिल १९१५ रोजी ईप्र शहराजवळील लढाईत त्यांना वीरमरण आले. ज्या बेल्जियमशी ते पाण्यावर झुंजले होते, त्याच बेल्जियमच्या भूमीवर, तिच्या रक्षणासाठी लढताना त्यांनी देह ठेवला. त्या विजयी नौकेतील नऊ जणांपैकी तिघे या युद्धात कामी आले.

नौका आठांच्या बळाने धावते. परंतु ते बळ योग्य वाटेवर नेण्यास एका सावध दृष्टीची गरज असते. वल्हे हाती न धरताही मॅक्लॅगन विजयाचे खरे वाटेकरी ठरले, ते यामुळेच.