विनोबा भावे आणि युद्धकाळातील वाणीचा हक्क

वर्धा जिल्ह्यातील आमच्या वाचकांस धाम नदीच्या काठचे पवनार गाव ठाऊक आहेच. तेथे राहिलेल्या एका पुरुषाचे चरित्र आम्ही आज सांगतो.

विनायक नरहरी भावे ह्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे गावी, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात झाला. १९१६ साली ते गांधीजींच्या आश्रमात गेले व १९२१ साली आश्रम चालविण्यासाठी वर्ध्यास आले. १९३८ पासून पवनार हेच त्यांचे घर झाले. कातणे, विणणे व अध्ययन ह्यांत त्यांचे दिवस जात.

सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात युद्ध पेटले. व्हाइसरॉयने लोकांच्या प्रतिनिधींस न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. मग संरक्षण कायदा झाला. त्याखालील नियमांनी युद्धाविरुद्ध बोलणे गुन्हा ठरला, आणि खटल्यावाचून मनुष्यास कोंडून ठेवण्याची सत्ता सरकारच्या हाती आली.

ह्या सत्तेस काही मर्यादा आहे की नाही, हे पाहण्यासाठी गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांस निवडिले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी त्यांनी पवनारास उघडपणे भाषण करून युद्धास साह्य करू नये असे लोकांस सांगितले. मनात द्वेष नव्हता, लपवाछपवी नव्हती. २१ तारखेस त्यांना अटक होऊन तीन महिन्यांची शिक्षा झाली. सत्याग्रहाच्या बातम्या छापण्यासही सरकारने आडकाठी केली, म्हणून गांधीजींनी आपली हरिजन पत्रे बंद ठेविली. विनोबा सुटले, पुन्हा बोलले, पुन्हा तुरुंगात गेले. त्यांच्या मागून देशभर हजारो लोक गेले.

एप्रिल १९४३ मध्ये फेडरल कोर्टाने केशव तळपदे ह्यांच्या प्रकरणात, स्थानबद्धतेचा नियम मूळ कायद्याच्या बाहेर जातो, असा निकाल दिला. परंतु थोड्याच दिवसांत व्हाइसरॉयने वटहुकूम काढून ती सत्ता पुन्हा भक्कम केली.

चरित्र प्रामाणिकपणे सांगावयाचे तर पुढील भागही सांगितला पाहिजे. जून १९७५ मध्ये स्वराज्याच्याच सरकारने आणीबाणी पुकारली, तेव्हा विनोबा मौनात होते. त्यांनी त्या काळास शिस्तीचे पर्व म्हटले, असे सरकारने गावोगाव पसरविले. पुष्कळ चाहत्यांस दुःख झाले. १९७६ साली मात्र त्यांच्याच आश्रमाच्या मैत्री मासिकाच्या प्रती पोलिसांनी जप्त केल्या. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे त्यांचा अंत झाला.

ह्यावरून आम्ही इतकेच शिकतो की, संकटकाळी राज्यकर्त्यास अधिक सत्ता द्यावी लागते. परंतु तिला मुदत असावी, कायद्याचे कुंपण असावे, आणि तिला प्रश्न विचारणारा मनुष्य मोकळा असावा. राज्यकर्ता परका असो वा आपला, हे कुंपण सारखेच लागते. आणि थोर पुरुषाचा एक शब्दही सत्तेच्या कामी लागतो, म्हणून बोलताना व गप्प राहतानाही आपण जपून असावे.