सुमंत मुळगावकर : आधी माणूस, मग मालमोटार

(द्वितीय वर्ष कला)

१९९४ साली बाजारात आलेली टाटा सुमो ही गाडी आपल्याकडे खेडोपाडी पोहोचली. लग्नाच्या वऱ्हाडापासून रात्री-अपरात्रीच्या दवाखान्याच्या धावपळीपर्यंत तिने सर्व कामे केली. २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले, तरी अजून ती रस्त्यावर दिसते. तिच्या नावाचा जपानी पहिलवानांशी काही संबंध असावा, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः हे नाव सुमंत मुळगावकर यांच्या नावा-आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधील पहिली दोन-दोन अक्षरे घेऊन तयार झाले आहे. ज्या गाडीला नाव मिळाले ती त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी आली. पण ज्या कारखान्यातून ती आली, तो कारखाना आणि त्यातली माणसे उभी करण्यात त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग खर्ची पडला होता.

अर्थशास्त्राच्या तासाला आपण विकासाचे निरनिराळे मापदंड शिकतो. एखाद्या भागात किती कारखाने आले आणि किती भांडवल गुंतले, यावरून त्या भागाची प्रगती ठरवण्याची आपल्याला सवय लागते. परंतु कारखाना गावात येणे आणि गावाचा विकास होणे या दोन गोष्टी एकच आहेत काय? पिंपरी-चिंचवड आणि आता चाकण परिसरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. मुळगावकरांचे चरित्र या प्रश्नाचे अर्धे उत्तर देते आणि उरलेले अर्धे आपल्यावर सोपवते, म्हणून ते येथे मांडावेसे वाटले.

सुमंत मुळगावकरांचा जन्म ५ मार्च १९०६ रोजी मुंबईत झाला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात त्यांनी यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. तो काळ पारतंत्र्याचा होता. भारतात यंत्रे चालत ती विलायतेहून आलेली, आणि मोडली तर त्यांचे भागही तिकडूनच मागवावे लागत. मायदेशी परतल्यावर मुळगावकर सिमेंटच्या उद्योगात शिरले. १९३६ मध्ये दहा सिमेंट कंपन्या एकत्र येऊन असोसिएटेड सिमेंट कंपनी स्थापन झाली, आणि तिच्यात त्यांची कर्तबगारी दिसू लागली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशी यंत्रसामग्री मिळेनाशी झाली. तेव्हा सिमेंटची यंत्रे येथल्या येथेच बनवण्याच्या कामात त्यांनी पुढाकार घेतला. आणीबाणीतून केलेल्या या कामाने त्यांना एक धडा दिला असावा, कारण पुढे आयुष्यभर ते त्याच वाटेने गेले. यंत्र विकत घेता येते. ते बनवणारा हात विकत आणता येत नाही, तो तयारच करावा लागतो.

या कामामुळे जे. आर. डी. टाटांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. १९४९ साली मुळगावकर टेल्कोत आले. टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी, म्हणजेच टेल्को, १९४५ मध्ये रेल्वेची इंजिने बनवण्यासाठी जमशेदपूरला निघाली होती. केवळ रेल्वेच्या मागणीवर कंपनी फार काळ तग धरणार नाही हे ओळखून तिने मालमोटारींकडे मोर्चा वळवला. १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार झाला आणि त्याच वर्षी जमशेदपूरच्या मालमोटारी रस्त्यावर आल्या. त्यांच्या तोंडावर तीन टोकांचा जर्मन तारा होता. या पंधरा वर्षांत एकेक भाग देशात बनवायला शिकायचे असा कंपनीचा प्रयत्न राहिला. १९६९ मध्ये करार संपला. तारा गेला, पण गाड्या थांबल्या नाहीत. त्या टाटांच्या नावाने धावू लागल्या.

त्यांच्याविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. दुपारच्या जेवणाच्या वेळी साहेब गाडी घेऊन बाहेर जातात, तेव्हा ते एखाद्या मोठ्या हॉटेलात जात असावेत, असा इतर अधिकाऱ्यांचा समज होता. प्रत्यक्षात ते हमरस्त्यावरच्या ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरांबरोबर जेवत आणि टेल्कोच्या गाडीत काय खटकते ते त्यांच्याकडून ऐकून घेत. ही गोष्ट सांगोवांगीची आहे. पण ती इतकी वर्षे टिकली, यावरून लोकांच्या मनातली त्यांची प्रतिमा कळते.

आता पुण्याकडे वळू. स्वातंत्र्यानंतर पिंपरीला सिंध प्रांतातून आलेल्या निर्वासितांची छावणी होती. चिंचवड मोरया गोसावींमुळे प्रसिद्ध होते. भोवतालच्या आकुर्डी, भोसरी, चिखली या गावांत बहुतेक कोरडवाहू शेती होती, ज्वारी-बाजरीची आणि पावसाच्या भरवशावरची. १९५४ मध्ये पिंपरीला सरकारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि मुंबई-पुणे रस्ता व लोहमार्ग यांच्या आसऱ्याने या माळावर औद्योगिक वसाहत आखली गेली. टेल्कोने आपला दुसरा कारखाना येथे काढायचे ठरवले. १९६६ मध्ये पुण्यातील कामाला आरंभ झाला.

या ठिकाणी मुळगावकरांनी जो क्रम धरला तो नीट पाहण्यासारखा आहे. मालमोटारींचा कारखाना म्हटला की पहिल्या वर्षी मालमोटार बाहेर पडावी, असे कोणालाही वाटेल. जमशेदपूरहून सुटे भाग आणून येथे जोडणे अवघड नव्हते. तसे झाले नाही. येथे आधी शिकाऊ उमेदवारांचे प्रशिक्षण, यंत्रांची यंत्रे, पत्रा दाबून आकार देणारे साचे आणि संशोधन केंद्र ही कामे उभी राहिली. पुण्यात तयार झालेली पहिली मालमोटार बाहेर पडली ती १९७७ साली. म्हणजे मधे तब्बल अकरा वर्षे गेली. कोणाही हिशेबनिसाच्या कपाळाला आठ्या पडाव्यात असा हा काळ होता.

ही अकरा वर्षे कशात गेली, हे आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनीही समजून घेतले पाहिजे. मोटारीचा दरवाजा हा एक पत्रा असतो. तो पत्रा ज्या पोलादी साच्यात दाबला जातो, तो साचा केसाइतकाही चुकून चालत नाही. असा साचा घडवणारा कारागीर वर्षा-सहा महिन्यांत तयार होत नाही. त्याला आधी नकाशा वाचता यावा लागतो, मग कानसेने सपाटी काढता यावी लागते, मग यंत्रावर हात बसावा लागतो, आणि मग कुठे धातूचा स्वभाव कळू लागतो. साचे परदेशातून मागवले तर कारखाना लवकर सुरू होतो, पण गाडीचे मॉडेल बदलायचे झाले की पुन्हा परदेशाच्या दारात उभे राहावे लागते. मुळगावकरांनी वेळ खर्च केला आणि ते परावलंबन टाळले. १९८६ मध्ये आलेली ४०७ ही हलकी मालमोटार आणि त्यांच्या पश्चात १९९८ मध्ये आलेली इंडिका मोटार यांच्यामागे पुण्यातल्या या तयारीचा मोठा वाटा होता.

ही विद्या कारखान्याच्या फाटकाआडही राहिली नाही, आणि माझ्या मते यातच त्यांच्या कामाचे खरे मोल आहे. जमीन एकदा विकली की संपते. हातातले कसब माणसाबरोबर घरी येते आणि पुढच्याला देता येते. टेल्को, बजाज यांसारख्या मोठ्या कारखान्यांत शिकलेली कितीतरी माणसे पुढे बाहेर पडली आणि भोसरी-चिंचवडच्या लहान गाळ्यांत एक-दोन लेथ टाकून धंद्याला लागली. मोठ्या कारखान्याला लागणारे नट, ब्रॅकेट, गिअरचे भाग हे गाळे पुरवू लागले. एका गाळ्यात चार पोरे शिकली, त्यातल्या एकाने पुढे दुसरा गाळा घेतला. पिंपरी-चिंचवडमध्ये लघुउद्योगांचे जे दाट जाळे आहे, ते सरकारी फर्मानाने विणलेले नाही. माणसाने माणसाला शिकवत ते वाढले आहे.

मुळगावकरांना झाडांचेही वेड होते. कारखान्याच्या उघड्या माळावर त्यांनी मोठ्या प्रमाणावर झाडे लावून घेतली, तलाव केला. त्यांच्या पत्नी लीला मुळगावकर या भारतातील ऐच्छिक रक्तदानाच्या कार्यातील अग्रणी होत्या. कामगारांच्या घरच्या स्त्रियांना चार पैसे मिळवता यावेत म्हणून पुण्याच्या कारखान्याच्या आधाराने गृहिणींची संस्थाही उभी राहिली. मात्र खुद्द कारखान्याचे दार स्त्रियांना सहज उघडले नाही. अभियंत्यांच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापले होते. सुधा कुलकर्णी या तरुणीने त्याविरुद्ध थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवले आणि १९७४ मध्ये त्यांना पुण्याच्या कारखान्यात नेमणूक मिळाली, ही हकीकत आता सर्वश्रुत आहे.

दार कोणाला उघडले आणि कोणाला नाही, हा प्रश्न स्त्रियांपुरता नव्हता. ज्या गावांच्या जमिनी वसाहतीत गेल्या, त्या गावांतल्या सगळ्या पोरांना या विद्येचा लाभ झाला, असे म्हणता येणार नाही. शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यायला किमान शालेय शिक्षण लागते, गणित लागते, नकाशा कळावा लागतो. आपल्या शेतकरी घरांतून त्या पिढीत किती मुले तेवढी शिकलेली होती? जमिनीचे पैसे मिळाले, ते लग्नाकार्यात आणि घर बांधण्यात गेले. कोणी खोल्या बांधून भाड्याने दिल्या, कोणी दुधाचा धंदा केला. त्याच सुमारास, १९७२ च्या दुष्काळाने होरपळलेल्या जिल्ह्यांतून माणसे कामाच्या शोधात येथे येत होती. कारखाना एक, पण त्याच्याभोवती उभ्या असलेल्या माणसांची तयारी सारखी नव्हती. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या माझ्यासारख्याला यातला अर्थ लगेच कळतो. शाळा गावात वेळेवर पोहोचली असती, तर कारखान्याचे दार गावाला इतके अरुंद वाटले नसते. ही उणीव एकट्या मुळगावकरांच्या पदरात टाकणे अन्यायाचे होईल. शाळा काढणे हे शासनाचे आणि समाजाचे काम होते.

गावांना दुसऱ्या वाटेने काही मिळाले. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. कारखान्यांत येणाऱ्या मालावरच्या जकातीने तिची तिजोरी भरली आणि तीतून रस्ते, पाणी, दवाखाने झाले. परंतु अनेक गावांची तहान एकाच विहिरीवर भागत असेल, तर विहिरीचे पाणी खाली गेले की सगळेच कोरडे पडतात. २०००-०१ या वर्षी टेल्कोला पाचशे कोटी रुपयांचा तोटा झाला, तेव्हा तिच्यावर अवलंबून असलेल्या लहान गाळ्यांनाही त्याची झळ बसली. एकाच गिऱ्हाइकावर जगणाऱ्या उद्योगाचे हे दुखणे मुळगावकरांच्या योजनेतही बरे झालेले नव्हते.

१९८८ मध्ये टेल्कोच्या अध्यक्षपदाची सूत्रे रतन टाटांकडे गेली आणि १९८९ मध्ये मुळगावकरांचे निधन झाले. त्याच वर्षी पुण्याच्या कारखान्यातील कामगारांचा संघर्ष विकोपाला गेला होता. सप्टेंबरमध्ये कामगारांनी शनिवारवाड्यासमोर उपोषण केले आणि पोलिसांनी त्यांना तेथून उचलून नेले. ज्या कारखान्याने माणूस घडवण्यासाठी अकरा वर्षे दिली, तेथेच हे घडावे, याचा विषाद वाटतो. पण शिकलेला कामगार स्वतःच्या किमतीचा हिशेबही मांडू लागतो. त्याला हत्यार धरायला शिकवले, म्हणजे तो मान खाली घालूनच काम करील, असे कोणी गृहीत धरू नये.

आज हीच कथा चाकणला नव्याने चालू आहे. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाभोवती गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मोठमोठे कारखाने आले. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. आता कारखाना तयार तंत्रज्ञान घेऊन येतो, यंत्रमानव घेऊन येतो आणि एक-दोन वर्षांत त्यातून मोटारी बाहेर पडतात. आयटीआय झालेली आमची मुले तेथे जातात, पण त्यातली पुष्कळशी कंत्राटावर. काही महिन्यांनी कंत्राट संपते आणि मुलगा दुसऱ्या फाटकासमोर रांगेत उभा राहतो. इतक्या थोड्या काळात त्याच्या हाताला काय येणार? ज्याला काही शिकवलेच नाही, तो उद्या स्वतःचा गाळा कशाच्या बळावर काढणार?

म्हणून मला वाटते, एखादा कारखाना आपल्या भागात येणार असला, तर जमिनीचा भाव आणि नोकऱ्यांचा आकडा विचारून आपण थांबू नये. तो किती मुलांना, किती वर्षे आणि नेमके काय शिकवणार, हेही ग्रामसभेत विचारले गेले पाहिजे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आजही आहे, त्याची अंमलबजावणी कशी होते तेही आपण पाहिले पाहिजे. आणि कारखान्याने दार उघडले तर त्यातून आत जाता येईल इतके गणित गावातल्या शाळेत शिकवले जाते की नाही, ही चौकशी आपल्यासारख्या शिकणाऱ्या मुलामुलींनी आपापल्या गावात केली, तर मुळगावकरांनी अर्धवट ठेवलेले काम थोडे पुढे सरकेल.